दाराला बांधलेले पिवळे फडके

इसोएबाईंच्या दाराला पिवळे फडके बांधलेले दिसले, म्हणून मी तिथे थांबलो नाही.

हा नियम समुद्र बुजवून केलेल्या आमच्या भरावावर लहान पोरांनाही पाठ आहे. भूकंप थांबला की घरातली सगळी माणसे धड आहेत ना ते पाहायचे आणि दाराबाहेर पिवळे फडके बांधायचे. फडके दिसले की गटप्रमुखाने पुढे जायचे. नसेल तिथे दार ठोठावायचे, हाक मारायची, ओ आली नाही तर माणसे गोळा करायची. गटप्रमुखपद पाळीपाळीने फिरते आणि त्या वर्षी ते माझ्याकडे होते. मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तके लावली. लोकांची दारे ठोठावणे माझ्या स्वभावात नाही. सरावाच्या दिवशीसुद्धा मी दारापुढे उभा राहून आधी मनात वाक्य जुळवत असे. आमच्या गल्लीतला हाचिया न्हावी म्हणायचा, "तोगाशीकाका, तुमची हाक बाहेर पडेपर्यंत आतला माणूस म्हातारा होऊन मरेल."

मार्चमधल्या त्या दुपारी वाक्य जुळवायला उसंत नव्हती. जमीन हलायची थांबली होती, पण थांबली असे वाटत नव्हते. धक्क्याला बांधलेल्या होडीत उभे राहावे तसे पायांखाली काहीतरी हळूहळू वरखाली होत होते. मग रस्ता आणि गटार यांच्या सांध्यातून पाणी आले. राखाडी, दाट, जराही आवाज न करता. मला वाटले नळ फुटला. पण ते पलीकडच्या कुंपणाखालूनही आले, मग विजेच्या खांबाच्या बुडातून, मग जिथे बघावे तिथून. खांब बघता बघता कलला. गटाराचे झाकण, त्याखालच्या सिमेंटच्या नळासकट, रस्त्यातून वर वर निघत होते. ओहोटीच्या चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा वास सुटला. आणि त्या चिखलाबरोबर डांबरातून शिंपले बाहेर येत होते. जुने, पांढरे, कधीच मेलेले.

मी हादऱ्याला भ्यालो नव्हतो इतका त्या शिंपल्यांना भ्यालो. आपण कशावर राहतो हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि ते असे पायाशी येऊन पडणे वेगळे.

इसोएबाईंचे घर गल्लीच्या शेवटी, समुद्राच्या बांधाजवळ. त्यांचे फडके नेहमीसारखे इस्त्री केलेले आणि सपाट गाठ मारलेले होते. सरावाच्या दिवशी भोंगा संपायच्या आत ते दारावर असायचे. आपल्यामुळे कोणाला एक पाऊलही जास्त टाकावे लागू नये, ही त्यांची रीत. मी मनात 'बरे झाले' म्हणालो आणि वळलो.

तेवढ्यात खांबांवरचे कर्णे बोलू लागले. नगरपालिकेतल्या त्या बाईचा आवाज इतका शांत होता की त्यानेच अंगावर काटा आला. मोठी लाट येऊ शकते, समुद्राच्या बाजूला कोणी थांबू नये, सगळ्यांनी शाळेच्या वरच्या मजल्यावर जावे. एका कर्ण्याचे वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू होई, त्यामुळे चारी दिशांनी नुसते 'जावे, जावे' ऐकू येत होते. आम्ही गेलो. चिखलात चपला रुतून राहिल्या, कोणी त्या काढायला वाकले नाही.

आमच्या गावात समुद्र दिसत नाही. बांध उंच आहे, आणि आपण समुद्राला लागून राहतो हे वर्षानुवर्षे विसरून जाता येते. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून मात्र दिसतो. त्या दिवशी खिडकीपाशी जायला कोणी तयार नव्हते आणि खिडकीपासून दूर बसायलाही कोणी तयार नव्हते.

तास गेला, आणखी काही वेळ गेला. लाट आली नाही, कर्णे थांबले नाहीत. पोरे थंडीने आणि भुकेने किरकिरायला लागली तेव्हा विज्ञानाच्या वर्गात शेगडी मांडून बायकांनी साठ्यातला तांदूळ शिजवायला घेतला. भात झाला. आता हाताला मीठ लावून गोळे वळायचे. आणि एक तरुण बाई वर्गाच्या दारात येऊन विचारू लागली की मीठ कुठे ठेवतात, कोणाला माहीत आहे का.

कोणालाच माहीत नव्हते. कारण ते इसोएबाईंना माहीत होते.

त्यांनी केस पिकेपर्यंत याच शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचे जेवण रांधले होते. निवृत्त झाल्या तरी प्रत्येक सरावाला त्या सगळ्यांच्या आधी येऊन पांढरी टोपी घालून उभ्या असत, आणि आम्ही धापा टाकत वर पोचेपर्यंत पहिले गोळे वळून तयार. त्यांना कोणी सांगितलेले नसे. सांगायची वेळच त्यांनी कधी येऊ दिली नाही.

मी दोन्ही वर्ग फिरलो. मग जिन्यात जाऊन पाहिले. मग हाचियाला बाजूला घेतले.

"इसोएबाई दिसल्या का?"

"फडकं होतं ना त्यांचं?"

"होतं."

"मग? भावाकडं गेल्या असतील जुन्या गावात. तिकडं जमीन घट्ट, एक कौलसुद्धा पडलं नाही म्हणतात."

"मीठ सापडत नाहीये," मी म्हणालो.

"काका, काय बोलताय?"

जे डोक्यात होते ते इतके भयंकर होते की शब्दांत आणले तर खरे होईल असे वाटत होते. शेवटी मी एवढेच विचारले, की त्या भावाकडे गेल्या असतील तर तोराजींना कोणी नेले?

हाचिया जिन्याकडे वळला.

तोराजी म्हणजे इसोएबाईंचे यजमान. दोन वर्षांपासून त्यांची उजवी बाजू गेली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. तरुणपणी ते वाळू उपसणाऱ्या जहाजावर या किनाऱ्याला आले. जहाज समुद्राच्या तळाची वाळू ओढायचे आणि लांबच लांब नळातून इकडे ओकायचे. तोराजींचे काम त्या नळावरून चालत हातोडीने ठोकून तो कुठे तुंबला ते पाहायचे. ज्या पाण्यावर ती वाळू पडत होती त्यात इसोएबाईंचे वडील बांबू रोवून नोरी, म्हणजे खायचे समुद्री शेवाळ, पिकवत. समुद्र गेला, आणि पाठोपाठ मुलगी त्या नळवाल्याशी लग्न करून बसली. म्हातारा मरेपर्यंत जावयाशी एक शब्द बोलला नाही. जावई मात्र दोन घोट पोटात गेले की सगळ्या गल्लीला सांगायचा, "निवांत झोपा. ही सगळी वाळू माझ्या नळातून आलीय. एकेक कण मला ओळखतो." इसोएबाई मागून त्यांच्या पाठीत चापट मारायच्या आणि आमची क्षमा मागायच्या.

आम्ही दोघे खाली उतरलो. जिन्यात शाळेचा शिपाई आडवा आला. हाचिया त्याला म्हणाला, "दुकानाला कुलूप लावायचं राहिलं." तो इतका मूर्ख बहाणा होता की शिपाई बाजूला झाला.

रस्त्यात माणूस नव्हता. चिखल घोट्याच्या वर आला होता. मी शूर नाही, आणि म्हातारपणी शूर होता येईल असा माझा गैरसमजही नव्हता. प्रत्येक पावलाला मी गल्लीच्या टोकाकडे बघत होतो. तिथे तो बांध होता, करडा, सरळ. त्याच्या पलीकडे पाणी काय करत होते ते दिसत नव्हते. त्याच्या वरच्या कडेवर मी डोळे लावले होते. ती रेघ हलली की संपले. मधेच खरोखर हलली. हाचियाने माझा दंड धरला. जमीन पुन्हा डचमळली, तारा शीळ घातल्यासारख्या वाजल्या, आणि आम्ही दोघे एकमेकांना धरून चिखलात उभे राहिलो. थांबल्यावर तो म्हणाला, "रेघ तिथंच आहे, काका. आपणच हललो." आपल्या आवाजातले कापरे झाकायला तो खोकला.

इसोएबाईंचे घर समुद्राच्या अंगाला खचले होते. दाराची चौकट तिरपी झाली होती आणि दार तिच्यात पाचर मारल्यासारखे अडकले होते. त्यावर ते फडके, स्वच्छ. हाचियाने दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. ओ नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मग मी हाक मारली. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडलो नसेन. तो आवाज मलाच परका वाटला.

आतून उत्तर आले. अगदी रोजच्या आवाजात.

"फडकं दिसलं नाही का?"

बाजूच्या खिडकीची काच हाचियाने कुंडीने फोडली. आत कपाट पालथे पडले होते. तोराजींचा पलंग घरंगळून खालच्या भिंतीला टेकला होता. त्याच्या पायथ्याशी, उतरत्या जमिनीवर, इसोएबाई समारंभाला घालायचा काळा कोट घालून बसल्या होत्या. तोराजींचे तोंड पुसलेले, केस विंचरलेले होते. माणसाला शेवटच्या प्रवासाला न्यायचे तेव्हा असे केस विंचरतात.

"दिसलं," मी म्हणालो.

"मग कशाला आलात? तुम्हीच गटप्रमुख ना? फडकं असलं की पुढं जायचं."

हाचियाने विचारले की दार अडकले आहे का. त्या म्हणाल्या की अगोदर उघडत होते. फडके बांधून आत आल्या आणि मागून जो हिसका बसला तेव्हा अडकले.

"म्हणजे फडकं बांधलंत तेव्हा बाहेर होता तुम्ही. मी गल्लीतच होतो की, बाई," मी म्हणालो. "एक हाक मारायचीत."

"मारली असती तर तुम्ही आला असता."

कर्णे 'जावे, जावे' करत होते. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "यांना उचलायचं म्हणजे चार माणसं. मधेच पाणी आलं तर चार घरं उघडी पडतील. आमचं काय, आम्ही दोघंच. जा आता."

"जा," पलंगावरून तोराजीही म्हणाले. त्यांचे शब्द एरवी कळत नसत. तो कळला.

हाचिया एक पाय खिडकीत टाकून तोराजींना म्हणाला, "काका, इतकी वर्षं फुकट दाढी करून घेतलीत, आज माझं ऐका. बाई, सरका." बाई सरकल्या नाहीत. त्यांनी तोराजींचे पाऊल पांघरुणावरून घट्ट धरले होते, आणि चेहऱ्यावर ते नम्र, न हलणारे हसू होते, जे आमच्याकडे सगळ्यात पक्का नकार असतो.

धीर देणारी वाक्ये मी खूप वाचली आहेत, त्यातले एकही आठवले नाही.

"मीठ सापडत नाहीये," मी म्हणालो.

"काय?"

"शाळेत. भात शिजलाय, पोरं बसलीत. मीठ कुठं ठेवलंय ते कोणालाच माहीत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे हसू हळूहळू गेले आणि त्याच्या जागी चक्क राग आला.

"कपाटाच्या खालच्या फळीवर. निळ्या डब्यात. दर सरावाला सांगते मी. दर सरावाला." आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "पण मी एकटी येणार नाही."

"एकटीला नेतंय कोण?" हाचिया म्हणाला.

तोराजींना जाड गादीसकट खिडकीतून काढले. कसे काढले ते आता मला सांगता येणार नाही; हाचियाच्या मनगटातून काचेने रक्त आले होते आणि माझ्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखे झाले होते, एवढे आठवते. उचलून नेणे शक्यच नव्हते. गादी चिखलावर टेकवली तर ती घसरू लागली. आम्ही दोघे पुढून ओढू लागलो. काही अंतर गेल्यावर मागे पाहिले तर इसोएबाई नव्हत्या.

त्या परत दाराशी गेल्या होत्या. फडक्याची गाठ सोडत होत्या. हाचिया ओरडला, मीही ओरडलो. त्यांनी शांतपणे गाठ सोडली, फडके चौघडी घालून कोटाच्या खिशात ठेवले आणि बांधाकडे एकदाही न पाहता चिखलातून आमच्याकडे आल्या.

"खोटं टांगून कसं ठेवायचं?" त्या म्हणाल्या.

वाटभर तोराजी डाव्या हाताने गादीची कड सोडून चिखलात बोटे ओढत होते आणि अडखळत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटले त्यांना वेदना होताहेत. वाकून ऐकले तर ते माफी मागत होते. आमची, की त्या वाळूची, की आणखी कोणाची, ते कळले नाही. हाचिया पुढून म्हणाला, "माफी नंतर मागा काका, आता जरा वजन कमी करा." मागून इसोएबाई हसल्या. मला तर ते हसू आहे की रडू, हे मागे वळून पाहण्याचे धैर्य झाले नाही.

शाळेत त्यांनी आधी मीठ काढून दिले. मग तोराजींचे हात धुतले. डावी मूठ उघडेना. बोटे एकेक करून सोडवली तेव्हा आत वाळू आणि एक शिंपला निघाला. इसोएबाईंनी तो धुतला, पालथा-सुलटा करून पाहिला.

"बाबांच्या पाण्यातला आहे हा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. तोराजींनी मान भिंतीकडे वळवली.

लाट आमच्याकडे आलीच नाही. संध्याकाळी खिडकीतून पाहिले तेव्हा पाणी बांधाच्या अंगावर चढले, थांबले, घाण घेऊन मागे गेले. पुन्हा चढले, पुन्हा गेले. बांध ओलांडला नाही. म्हणजे तसे पाहिले तर इसोएबाईंना काही झाले नसते. हे पुढे लोक हसत बोलून दाखवत. मी त्यात कधी हसू शकलो नाही. पाणी येणार नाही हे त्या दुपारी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि त्या कोट घालून बसल्या होत्या.

तोराजींच्या छातीत शाळेतली थंडी बसली. चेरीची फुले गळून पडेपर्यंत ते होते. राख घेऊन इसोएबाई घरी परतल्या, त्याच खचलेल्या घरात. भावाने जुन्या गावात बोलावले होते. तिथल्या कठीण जमिनीवर आपल्याला झोप लागायची नाही, असे काहीतरी त्या म्हणाल्या. गल्लीतली बरीच घरे तिरपी राहिली होती. आत गेले की चक्कर येते, पोटात ढवळते; राहणाऱ्यांना हळूहळू सवय होते म्हणतात.

एप्रिलपासून पाळी बदलली होती; सप्टेंबरच्या सरावाला गटप्रमुख खरे तर हाचिया. पण दुकान नव्याने उघडलेय, गिऱ्हाईक साबण लावून बसवून कसा येऊ, असे त्याने सांगितले आणि मला नाही म्हणता आले नाही. भोंगा वाजला. मी निघालो. दारोदार पिवळी फडकी वाऱ्यावर हलत होती आणि मी पुढे पुढे जात होतो. पण आता कोणतेही फडके मला पूर्वीसारखे दिसत नव्हते. प्रत्येकासमोर पाऊल किंचित अडायचे, आत कोणी केस विंचरून बसले तर नसेल ना, असे वाटायचे.

इसोएबाईंच्या दाराला फडके नव्हते.

सराव आहे हे माहीत होते, जमीन हललेली नाही हेही माहीत होते, तरी मी धावतच दाराशी गेलो. मी वाक्य जुळवले नाही. दारावर मूठ आपटली, हाक मारली.

दार रंधा मारून बसवले होते, तरी उघडायला वेळ लागला. इसोएबाई पांढरी टोपी घालून उभ्या होत्या. हातात इस्त्री केलेले, चौघडी घातलेले फडके.

"बांधलं नाहीत," मी म्हणालो.

"नाही."

"विसरलात का?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. "नसेल तिथं आत डोकवायचं, असा नियम आहे ना? या. चहा ओतलाय."

मी भिंतीला हात लावत आत गेलो. तोराजींचा फोटो फळीवर होता. त्याच्या एका बाजूखाली शिंपला सरकवून तो सरळ केला होता. त्या घरात तेवढी एकच वस्तू सरळ होती. बाहेर कर्णे सांगत होते की हा सराव आहे, कोणी घाबरू नये. आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी फडके मांडीवर ठेवले, त्यावर दोन्ही हात ठेवले.

मध्ये दोन पेले होते. दोन्हींतला चहा समुद्राच्या बाजूला, काठाशी आला होता. तो हलतोय का ते बघत आम्ही बसून राहिलो, आणि बराच वेळ कोणीच पेला उचलला नाही.